नवव्या महिन्यातली नवमी

“मेला असता तर मला सांगून गेला असता, तेवढी शिस्त त्याला मी लावली होती.”

माझ्या सासूबाई मुलाबद्दल हे वाक्य अगदी सहज बोलायच्या. मासे चिरता चिरता, हातातली सुरी न थांबवता.

मुलाचं नाव पे ग्यू-चान. अकरा वर्षांपूर्वी, पानं लाल व्हायच्या दिवसांत, तो गुर्योंगफो बंदरातून माकुल ही मासळी धरायला गेला. बोटीवर सातजण होते. वायरलेसवरचं शेवटचं बोलणं मंगळवारी संध्याकाळी झालं आणि रविवारी दुसऱ्या एका बोटीला या बोटीचा उलटा तळ दिसला. पुढच्या महिन्याभरात चौघांची प्रेतं किनाऱ्याला लागली. तिघांचं काहीच मिळालं नाही. ग्यू-चान त्या तिघांतला.

आमच्याकडे कोरियात श्राद्ध घालायचं तर मरणाची तिथी लागते. मंगळवार ते रविवार यांतला त्याचा दिवस कुठला, हे कुणाला सांगता येत नव्हतं. सासूबाईंनी तेच धरून ठेवलं. “कुणीतरी एक तिथी सांगा,” त्या म्हणायच्या, “सांगितलीत की त्याच दिवशी रडायला बसते.” वर्षभराने सरकारने मृत्यूचा कागद दिला. त्या कागदाची घडी घालून त्यांनी ती हलणाऱ्या फडताळाच्या पायाखाली सारली. फडताळ हलायचं थांबलं.

त्यांचं नाव मा ओक-बुन. जन्म डोंगरातल्या एका खेड्यातला. एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन गुर्योंगफोला आल्या तेव्हा त्यांनी पहिल्यांदा समुद्र पाहिला आणि नवऱ्याला विचारलं, “एवढं पाणी असं उघड्यावर का ठेवलंय?” नवरा ही गोष्ट आयुष्यभर दारूच्या बैठकीत सांगत राहिला. तो खलाशी होता, पण मेला अंथरुणात, यकृत सुजून. सासूबाईंनी चाळीस हिवाळे वाळवणाच्या छपरीत काढले. मासा पोटाकडून उघडायचा, काटा एका ओढीत काढायचा, दोन्ही बाजू शेपटीपाशी जोडलेल्या ठेवून बांबूवर वाऱ्याला टांगायच्या. त्यांच्या डाव्या अंगठ्याला काही जाणवत नसे. चहाचा कप गरम आहे की नाही हे त्या उजव्या हाताने बघायच्या.

मुलगा गेल्यावर त्या माकुल खात राहिल्या. शेजारणींना ते विचित्र वाटलं. एकीने तसं बोलूनही दाखवलं. “का सोडू?” सासूबाई म्हणाल्या. “माकुलाने काय केलंय? आणि तुझा नवरा गाडीखाली आला, तेव्हापासून तू काय चालत फिरतेस?”

लिहितावाचता त्यांना येत नव्हतं. दोन वर्षांपूर्वी गावच्या सभागृहात म्हाताऱ्यांसाठी अक्षरओळखीचा वर्ग निघाला आणि त्या जायला लागल्या. माझी बायको ह्ये-रान, त्यांची थोरली मुलगी, हसायची. “वर्गाला कसली जातेय! तिथे दुपारी गरम शेवया मिळतात. शेवया खाते, चार जणींची निंदा करते आणि येते.” मलाही तसंच वाटायचं. एकदा मात्र मी त्यांच्या घरी गेलो असताना त्या जमिनीवर पालथ्या पडून, जीभ दातांत धरून, वहीत काहीतरी गिरवत होत्या. मला पाहताच वही उशीखाली गेली. “जावईबापू, माणसाने दार वाजवून यावं,” त्या म्हणाल्या. दार उघडंच होतं. मी ह्ये-रानला काही सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही आहे असं तेव्हा वाटलं नाही.

यंदा ऑगस्टच्या शेवटी ग्यू-चानची बायको मि-सन आमच्याकडे पोहांगला आली. ती उल्सानला राहते, जहाजाच्या कारखान्यातल्या कँटीनमध्ये काम करते. मूलबाळ झालं नव्हतं. जेवण झालं, भांडी आवरली, आणि ओट्याला टेकून ती ह्ये-रानला म्हणाली, “ताई, मला आता विधवा व्हायचंय.”

ह्ये-रानने हातातलं फडकं खाली ठेवलं.

“दर रविवारी आईंचा फोन येतो. जेवलीस का, थंडी पडली का, आणि मग, त्याचा काही फोन आला का गं? मी म्हणते, नाही आई. अकरा वर्षं. दर रविवारी मीच त्याला मारते आणि दर रविवारी त्या त्याला उठवून बसवतात.” मग ती म्हणाली, “एक माणूस आहे. तीन वर्षं थांबलाय. घाई करत नाही. पण मीच नाही म्हणते. ग्यू-चानचं काही केल्याशिवाय, आणि आई तिथे बसल्याशिवाय, माझ्याच्याने होणार नाही. त्यांनी तोंडाने काही बोलायला नको. नुसत्या बसल्या तरी पुरे.”

“आई बसणार नाही,” ह्ये-रान म्हणाली. “तू तिला ओळखत नाहीस का?”

दोघींनी मिळून मग बेत केला. ज्याच्या मरणाचा दिवस माहीत नाही, त्याचं श्राद्ध चांद्र पंचांगाच्या नवव्या महिन्यातल्या नवमीला घालायची जुनी रीत आहे. उत्तरेकडे एका डोंगराच्या अगदी माथ्यावर उन्हे-आम नावाचा मठ आहे. तिथे त्या दिवशी अशा सगळ्यांचा एकत्र विधी होतो. नाव आधी फोनवर द्यायचं, पैसे पाठवायचे. सासूबाईंना सांगायचं, लाल पानं बघायला आणि गरम झऱ्यात अंग शेकायला चाललोय. वाटेत मठ आहे, तिथे नमस्कार करू.

“तिथे भिंतीवर शंभर नावं लावलेली असतील,” ह्ये-रान म्हणाली. “तिला वाचता येत नाही. ती बसेल, दुसऱ्यांसाठी हात जोडेल, मि-सनचं काम होईल. कुणाला काही कळणार नाही.”

मी म्हणालो, “हे बरं नाही.”

“मग तुम्ही बरं काय ते सुचवा,” ती म्हणाली. गाडी मात्र मीच चालवणार होतो.

किनाऱ्याचा रस्ता धरून आम्ही उत्तरेला निघालो. सासूबाई मागे मि-सनच्या शेजारी बसल्या होत्या, मांडीवर उकडलेल्या रताळ्यांची पिशवी घेऊन.

“सूनबाई, बूट नवे दिसतात.”

“डोंगर चढायचाय ना आई.”

“डोंगर चढायला लाल बूट? डोंगर काय बघायला येणार आहे तुला?”

मि-सन हसली. सासूबाईंनी एक रताळं सोलून तिच्या हातात दिलं. “खा. गालांची हाडं वर आलीत. त्या कँटीनमध्ये सगळ्यांना वाढतेस आणि स्वतः काय, भांडी चाटतेस?”

आरशात मला त्यांचा चेहरा दिसत होता. बाहेर हॉटेलांच्या, मासळीच्या दुकानांच्या पाट्या मागे जात होत्या आणि प्रत्येक पाटीला त्यांचे ओठ हलत होते. आवाज नव्हता. एखादी पाटी फार लवकर निघून गेली की त्या मान वळवून तिच्याकडे बघायच्या. मी ह्ये-रानकडे पाहिलं. ती पेंगत होती. तेव्हा मी गाडी बाजूला घेऊन तिला खाली बोलावून सांगायला हवं होतं. मी पुढच्या वळणावर लक्ष दिलं. त्यानंतरच्या वळणावरही.

झऱ्याकाठच्या खानावळीत मुक्काम झाला. सकाळी न्याहारीला सासूबाईंनी बोटांवर काहीतरी मोजलं आणि म्हणाल्या, “आज नवमी.”

आम्ही तिघं वाडग्यात बघत राहिलो.

“रस्त्यात मेलेल्यांचा दिवस. मठात त्यांचं काहीतरी असेल आज. बरं झालं. रिकाम्या हाताने जायला नको.” पायथ्याच्या दुकानातून त्यांनी तीन किलो तांदूळ घेतले. “त्या दोघांसाठी,” त्या म्हणाल्या.

“कुठल्या दोघांसाठी, आई?” ह्ये-रानने विचारलं.

“बोटीवरच्या. म्हातारा ग्वाक आणि तो इंजिनवाला. त्यांच्या घरचे पक्के कंजूष. कुणी मूठभर भात ठेवला नसेल.”

म्हणजे सातांतले सहा मेले होते. सासूबाईंच्या हिशेबात सहाच्या सहा. मि-सन उठून बिल द्यायला गेली ती बराच वेळ आली नाही.

चढ अडीच तासांचा होता. आम्हाला चार लागले. तांदळाची पिशवी फडक्यात बांधून सासूबाईंनी पाठीवर घेतली होती. मी तीनदा मागितली.

“जावईबापू, तुम्ही आधी स्वतःला वर न्या. तुमच्या छातीचा भाता आम्हाला खालपर्यंत ऐकू येतोय.”

वरून उतरणाऱ्या बायका काठी टेकत थांबायच्या आणि म्हणायच्या, “आलंच आता, आजी.” पहिलं ‘आलंच’ ऐकल्यावर आम्ही एक तास चाललो. सासूबाई प्रत्येकीला म्हणायच्या, “डोंगरावर जाऊन आल्या आणि खोटं बोलतायत.” पानं खरोखरच लाल होती. उतारच्या उतार लाल. त्यांच्याकडे आमच्यातल्या कुणी फारसं पाहिलं नाही. एका खडकाशी मि-सन टाच धरून बसली. नवा बूट चावला होता. सासूबाई खाली बसल्या, स्वतःचा जाड मोजा काढला आणि तिच्या पायात चढवला. मग तसंच एक उघडं पाऊल बुटात घालून पुढे झाल्या.

मठ म्हणजे खडकाच्या कुशीत तीन लहान इमारती. त्यामागे काहीच नव्हतं, नुसतं आकाश. स्वयंपाकघरापुढे रांग होती. भात, काकडीचं लोणचं आणि समुद्रशेवाळाचं सार सगळ्यांना मिळत होतं. सासूबाईंनी एक घोट घेतला आणि वाढणाऱ्या बाईला म्हणाल्या, “हे शेवाळ कुणी धुतलं?”

“मी धुतलं, आजी. का?”

“वाळू राहिलीय. तीनदा चोळायचं असतं, मीठ लावून. दोनदा चोळलंयस.”

“इथे पाणी खालून आणावं लागतं, आजी.”

“मग दोनदाच बरोबर,” सासूबाई म्हणाल्या आणि वाडगा रिकामा करून त्यांनी तो तिला घासू दिला नाही, स्वतः घासला. त्यांना बरं वाटत होतं. त्या दिवशी त्यांना खरंच बरं वाटत होतं, हे मला सांगितलं पाहिजे.

विधी दुपारी दोनला सुरू व्हायचा होता. दालनात शंभरेक माणसं दाटीने बसली होती. मधोमध बुद्धमूर्ती, आणि डावीकडची भिंत मृतांची. तिच्यावर कागदाच्या उभ्या पट्ट्या ओळीने लावल्या होत्या, प्रत्येक पट्टीवर एक नाव. वर पांढरे कागदी कंदील. पुढे फळं, भाताचे वाडगे. सासूबाईंनी आपले तांदूळ तिथे ठेवले, हात जोडले आणि मागे वळायच्याऐवजी भिंतीपाशीच उभ्या राहिल्या.

त्यांनी पहिल्या ओळीच्या पहिल्या पट्टीवर बोट ठेवलं. ओठ हलायला लागले.

ह्ये-रान माझ्या कानाशी म्हणाली, “काय करतेय ती?”

“वाचतायत,” मी म्हणालो.

ह्ये-रानने माझ्याकडे असं पाहिलं की ते मी इथे लिहीत नाही.

बोट एकेका पट्टीवरून सरकत होतं. त्या ग्वाक आणि इंजिनवाल्याला शोधत होत्या, हे मला नंतर कळलं. त्यांची नावं कुणीतरी लावली आहेत का, एवढंच त्यांना बघायचं होतं. दुसरी ओळ संपली. तिसरीच्या मध्यावर बोट थांबलं. पुढच्या पट्टीवर गेलं, परत आलं. पे. ग्यू. चान. एवढं हळू वाचताना मी कुणाला पाहिलेलं नाही.

मि-सन उठून उभी राहिली. “आई,” ती म्हणाली.

सासूबाई वळल्या. त्यांनी आधी मि-सनकडे पाहिलं, मग मुलीकडे, मग माझ्याकडे. मला वाटलं आता ओरडतील. पट्टी ओढून काढतील. त्या चालत आमच्यापर्यंत आल्या आणि मि-सनच्या शेजारी जमिनीवर बसल्या. पाय दुखत असावेत. एक पाऊल उघडंच होतं.

“माणूस चांगला आहे का?” त्यांनी विचारलं.

मि-सन त्यांच्याजवळ खाली बसली.

“तीन वर्षांपासून फोनवर तुझा आवाज वेगळा येतो. मी म्हातारी आहे, बहिरी नाही. पितो का?”

“नाही, आई.”

“हं.” उघडं पाऊल चोळत त्या म्हणाल्या, “तू तुझं कर. मी मध्ये येणार नाही. पण मी त्याला मेलेला म्हणणार नाही. तुमचा विधी तुमच्यापाशी. मी इथे पाय दुखतात म्हणून बसलेय.”

भिक्षू आला. तरुण होता, तिशीचा, आवाज घोगरा. त्याने हातातला लाकडी ठोकळा वाजवायला सुरुवात केली आणि मंत्र सुरू झाले. एकेका घरचे लोक उठून पुढे जात होते, साष्टांग नमस्कार करत होते. मृताला नुसतं नावाने बोलावत नाहीत. ज्याने विधी मांडला त्याचा पूर्ण पत्ता आधी वाचतात. भटकणाऱ्याला यायचं कुठे ते कळलं पाहिजे.

आमची पाळी आली. मि-सन आणि ह्ये-रान पुढे होऊन पालथ्या झाल्या. आईने पोटच्या पोरापुढे वाकायचं नसतं, तशी रीतच आहे. तेव्हा सासूबाई बसून राहिल्या हे कुणाला खटकलं नाही. भिक्षूने कागद पाहिला आणि एका सुरात वाचायला लागला. “कोरिया देश, उल्सान महानगर, पूर्व विभाग, इमारत एकशे चार, घर क्रमांक नऊशे दोन, इथे राहणारी पत्नी नाम मि-सन हिने बोलावलेला…”

“थांबा.”

ठोकळा थांबला. सासूबाई बसल्या जागेवरून बोलल्या होत्या.

“ते घर त्याचं नाही, भंतेजी. त्याने ते बघितलेलंसुद्धा नाही. तिथे ती मागाहून राहायला गेली. नवव्या मजल्यावर आहे. लिफ्टमध्ये आकडे दाबावे लागतात. तो कुठे शोधत बसेल?”

भिक्षूने कागद उलटून पाहिला. “मला जो पत्ता दिला तो मी वाचला, आजी.”

“तो चुकीचा दिलाय. पोरींना काही कळत नाही.”

“मग कुठला वाचू?”

“पोहांग शहर, गुर्योंगफो. बर्फाच्या कारखान्यामागची चढाची गल्ली. घर एकवीस. निळं फाटक.”

“फाटक वाचत नाहीत, आजी. नंबर पुरतो.”

“नंबराची पाटी वादळात पडली. निळं फाटक म्हणा.”

मागे कुणीतरी खुदकन हसलं आणि लगेच गप्प झालं. भिक्षूने खिशातून पेन काढलं, कागद गुडघ्यावर धरून जुना पत्ता खोडला आणि नवा लिहिला. त्याने घाई केली नाही. मग मान वर केली.

“बोलावणाऱ्याचं नाव बदलावं लागेल. या घरात कोण राहतं?”

“मी.”

“आपलं नाव?”

“मा ओक-बुन.”

“नातं?”

“आई.”

ठोकळा पुन्हा वाजायला लागला. भिक्षूने सुरुवातीपासून वाचलं, त्याच एका सुरात, कुठल्याच शब्दावर जोर न देता. “कोरिया देश, पोहांग शहर, गुर्योंगफो, बर्फाच्या कारखान्यामागची चढाची गल्ली, घर एकवीस, निळं फाटक, इथे राहणारी माता मा ओक-बुन हिने बोलावलेला, दिवंगत पुत्र पे ग्यू-चान याचा आत्मा, आज या ठिकाणी यावा.”

तीनदा म्हणायचं असतं. पहिल्यांदा सासूबाई मान हलवत ऐकत होत्या, पत्ता बरोबर येतोय ना ते बघत. फाटकाशी त्यांनी हुंकारही दिला. ‘दिवंगत पुत्र’ आलं तेव्हा मान थांबली; बोलावणारी आता त्याच होत्या. दुसऱ्यांदा त्यांनी जमिनीकडे पाहिलं. डावा अंगठा उजव्या मुठीत घट्ट धरला होता, इतका की नख पांढरं पडलं. त्या अंगठ्याला काही जाणवत नव्हतं. मि-सन अजून पालथीच होती आणि तिची पाठ हलत होती. ह्ये-रान माझ्याकडे बघत होती, जणू मी काही करू शकतो.

तिसऱ्यांदा भिक्षू पत्त्यापाशी आला आणि सासूबाई एका हाताने जमीन रेटून उठल्या. लोकांनी पाय मागे घेतले. बायकांनी, पाहुण्यांनी बाजूच्या दारांनी जायचं असतं. मधलं दार फक्त भिक्षूंचं. कुणीतरी त्यांच्या बाहीकडे हात नेला आणि मागे घेतला. बाहेर ऊन होतं, आणि उंबऱ्यापलीकडे, पायऱ्या सुरू होण्याआधी, सगळं आकाशच. भिक्षू नाव घेत होता. सासूबाई मधल्या दारातून, कुणाकडेही न बघता, बाहेर निघून गेल्या.